केलेल्या कामाचा पुरावा

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे आपल्याला कशाला? पण आपल्या श्रोत्यांमध्ये अशा कितीतरी घरच्या बायका आहेत, ज्यांची लेक किंवा सून 'बीए' आहे. हे बीए म्हणजे कला शाखेची पदवी नव्हे. बीए म्हणजे बिझनेस ॲनालिस्ट. कुणी पुण्याला हिंजवडीत आहे, कुणी बंगळूरला, आणि कुणी थेट ब्रिटनमध्ये तिथल्या सरकारी खात्यात. भारत कॉमनवेल्थमधला देश आहे. त्यामुळे तिथे काम करण्याचा हक्क असलेल्या भारतीय माणसाला ब्रिटिश सरकारच्या बऱ्याचशा पदांवर नोकरी मिळू शकते.

या मुली नेमकं काय करतात, ते घरी कुणालाच सांगता येत नाही. "कॉम्प्युटरवर असते काहीतरी," असं म्हणून आपण विषय संपवतो. पण आपल्या वरिष्ठांनाही ते काम पटवून सांगणं अवघड जातं, आणि ब्रिटनच्या काही सरकारी खात्यांत तर पगारावरचा जादा भत्ता त्या पटवून सांगण्यावरच ठरतो. म्हणून आज आम्ही हे काम काय असतं आणि ते करणारीने आपलं कौशल्य सिद्ध कसं करायचं, ते उलगडून सांगणार आहोत.

आधी काम समजून घेऊ. उत्पन्नाचा दाखला काढायला गेलेली बाई तीन हेलपाटे मारते. पहिल्या वेळी तलाठ्याचा अहवाल नाही म्हणून परत. दुसऱ्या वेळी रेशनकार्डावर नाव एक आणि आधारवर दुसरं म्हणून परत. तिसऱ्या वेळी काम होतं. आता असं समजा, की एक मुलगी आठ दिवस त्या खिडकीशेजारी बसली. कोण कशासाठी परत जातंय ते तिने लिहून काढलं. आतल्या कारकुनाला विचारलं, तहसीलदारांना विचारलं, नियम वाचला. मग सांगितलं, की पहिला हेलपाटा अर्जावरच्या एका ओळीमुळे पडतो, ती ओळ बदला. दुसरा नियमामुळे पडतो, त्यासाठी वर लिहावं लागेल. आणि कॉम्प्युटरवाल्यांनो, तुम्ही जे नवं बटण बनवताय त्याने यातलं काहीच सुटणार नाही. ती मुलगी म्हणजे बिझनेस ॲनालिस्ट. बिझनेस म्हणजे धंदा एवढाच अर्थ इथे घ्यायचा नाही. एखादं खातं आपलं काम कसं चालवतं, त्याची ही तपासणी असते.

ब्रिटनमधलं एक उदाहरण आपल्या बायकांना लगेच कळेल. तिथे आजारी किंवा अपंग माणसाची आठवड्याला निदान ३५ तास देखभाल करणाऱ्याला सरकार भत्ता देतं. त्याला केअरर्स अलाउन्स म्हणतात. २०१३ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने ज्या २५ सेवा नमुना म्हणून ऑनलाइन आणायला घेतल्या, त्यात ही एक होती. त्या वेळी अर्जातले प्रश्न जवळजवळ निम्मे कमी केले गेले. प्रश्न कमी करायचे तर कुठला कशासाठी विचारला जातो आणि काढला तर काय बिघडेल, हे कुणीतरी एकेक करून शोधावं लागतं.

याच भत्त्याची दुसरी बाजूही आहे. देखभाल करणारी व्यक्ती थोडी नोकरी करत असेल, तर तिच्या कमाईला मर्यादा आहे. एप्रिल २०२५ मध्ये ती आठवड्याला १९६ पौंड झाली होती. मर्यादेपेक्षा एक पौंड जरी जास्त कमावला, तरी त्या आठवड्याचा सगळा भत्ता जातो. कमाई वाढल्याच्या सूचना खात्याकडे येत होत्या, पण सगळ्या वेळेवर तपासल्या गेल्या नाहीत. त्यामुळे हजारो लोकांवर, त्यात बायका पुष्कळ, मागची मोठी रक्कम परत करायची वेळ आली. सूचना आली की ती कोण बघणार, किती दिवसांत बघणार, नाही बघितली तर काय होणार, असले प्रश्न वेळेवर विचारणं हेच या मुलींचं काम. त्याची किंमत केवढी, हे यावरून कळावं.

आता पैशाकडे येऊ. आपल्याकडे सरकारी नोकरीत दरवर्षी साधारण ३ टक्के वेतनवाढ लागते. बढती नाही मिळाली तरी १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर वरच्या वेतनस्तराचा लाभ मिळतो. वर्षं भरली की पगार सरकतो. ब्रिटनमध्येही पूर्वी पायरीपायरीने पगार वाढायचा. पण २०१३ साली तिथल्या अर्थमंत्र्यांनी ही आपोआप होणारी पायरीवाढ केंद्रीय सरकारी नोकरीतून बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर सगळ्यांना मिळणारी वार्षिक वाढ तेवढी राहिली. काम चांगलं जमलं म्हणून पगार वाढावा अशी वाटच उरली नाही. मग माणसं काय करतात? खातं बदलतात, खासगी कंपनीत जातात, किंवा बढतीसाठी साहेब होतात. उत्तम विश्लेषण करणारी मुलगी रजेचे अर्ज मंजूर करत बसते. खात्याची कर्ती बाई गेली, आणि साहेब मात्र एक वाढला.

यावर उपाय म्हणून तिथे कौशल्यावर पैसे द्यायची पद्धत आली. डिजिटल आणि डेटाच्या कामांसाठी ब्रिटिश सरकारने २०१७ साली कौशल्यांची एक चौकट प्रसिद्ध केली. त्यात प्रत्येक कामाला कुठली कौशल्यं लागतात आणि किती, ते लिहिलेलं आहे. बिझनेस ॲनालिस्टच्या यादीत गरजा नेमक्या शोधून मांडणं, कामाची पद्धत सुधारणं, वेगवेगळ्या लोकांशी संबंध सांभाळून काम पुढे नेणं, वापरणाऱ्याच्या अनुभवाचा अभ्यास करणं, अशी कौशल्यं आहेत. प्रत्येकाच्या चार पायऱ्या आहेत: अवेअरनेस, वर्किंग, प्रॅक्टिशनर आणि एक्स्पर्ट. काही खात्यांत, सगळ्यांत नव्हे, या पायऱ्यांवर मूल्यमापन करून पगारावर भत्ता देतात. साधारण पद्धत अशी, की मुलगी आधी स्वतःचं मूल्यमापन लिहिते, पुरावे जोडते, वरिष्ठ आपलं मत देतात, आणि मग दुसऱ्या टीममधले जाणकार पॅनेलमध्ये बसून सगळ्यांना एकाच मापाने मोजलंय ना ते पाहतात.

कागदावर हे फार न्याय्य दिसतं. पण इथेच एक मेख आहे. पैसे कौशल्याचे मिळतात असं म्हणतात, प्रत्यक्षात ते दाखवता आलेल्या कौशल्याचे मिळतात. जिला काम येतं पण सांगता येत नाही, ती मागे राहते. आणि कमी येतं पण बोलता छान येतं, तो पुढे जातो. चौकटीचा दोष म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण चौकट लवकर बदलणार नाही. तोवर दाखवायचं कसं, ते शिकायला हवं.

पहिली अडचण एका शब्दाची आहे. तो शब्द म्हणजे 'आम्ही'. आपल्या मुलींना लहानपणापासून शिकवलेलं असतं, की मी केलं, मी केलं असं म्हणू नये, टिमकी वाजवू नये. भिशी असो, बचत गट असो, बायका 'आम्ही केलं' म्हणतात. या कार्यक्रमात आम्हीसुद्धा आम्हीच म्हणतो. रेडिओवर ते शोभतं. पॅनेलपुढे मात्र 'आम्ही' म्हटलं, की ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, यातलं तुझं काय? आणि तो प्रश्न तोंडाने विचारला जाईलच असं नाही. नुसते गुण कमी पडतात. ब्रिटिश सरकारी नोकरीच्या निवडीत एकेका उदाहरणाला १ ते ७ अशी श्रेणी देतात. ४ म्हणजे जेमतेम पुरेसं. लिहायला बहुतेक वेळा २५० शब्द असतात. त्यात टीमची ओळख करून देण्यातच १०० शब्द गेले, तर मुलीला स्वतःसाठी उरलं काय?

आम्ही एक नमुना तयार केला आहे. प्रसंग कल्पित आहे, आकडेही नमुन्यापुरतेच. आधी कच्चा मजकूर ऐका: "आमच्या टीमने उत्पन्न कळवण्याच्या अर्जाची प्रक्रिया सुधारली. मी सर्व संबंधितांशी समन्वय साधला व गरजांची नोंद केली. प्रकल्प वेळेत पूर्ण झाला." यात खोटं काही नाही. पण या तीन वाक्यांवर कुणाचंही नाव घालता येईल.

आता तेच काम असं सांगितलं तर? "उत्पन्न बदलल्याचं कळवणारे निम्मे अर्ज अपुरे येत होते. कारण शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी फोन घेणाऱ्या सहा जणांशेजारी दोन दिवस बसले आणि चाळीस अर्ज वाचले. अडचण एकाच प्रश्नात होती: तुमचं उत्पन्न किती? आठवड्याचं की महिन्याचं, कर कापण्याआधीचं की नंतरचं, काही लिहिलं नव्हतं. धोरण ठरवणाऱ्यांना सूचनांचं नवं पान जोडायचं होतं. मी म्हटलं, सूचना कुणी वाचत नाही. प्रश्नच तीन छोट्या प्रश्नांत फोडू. ते तयार नव्हते, म्हणून दोन्ही नमुने वीस जणांकडून भरून घेतले आणि निकाल त्यांच्यापुढे ठेवला. तीन प्रश्नांचा नमुना घेतला. पुढच्या तीन महिन्यांत अपुरे अर्ज शंभरात पन्नासवरून पंधरावर आले."

दुसऱ्या मजकुरात फुशारकीचं एकही वाक्य नाही. 'मी उत्कृष्ट' असं कुठे म्हटलेलं नाही. पण तिने काय पाहिलं, काय ठरवलं, कुणाचा विरोध होता आणि तो कसा निघाला, हे सगळं आलं. पॅनेलला हेच हवं असतं. तिथे याला स्टार पद्धत म्हणतात: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. बहुतेक जणी परिस्थितीवर फार लिहितात आणि कृती दोन ओळींत उरकतात. आमच्या मते निम्म्याहून जास्त शब्द कृतीला द्यावेत. त्यातही निर्णयाची जागा सापडली पाहिजे. दोन वाटा होत्या, मी ही घेतली, अमुक कारणासाठी.

परिणामाचा आकडा कुठून आणायचा, ही पुढची अडचण. पन्नासवरून पंधरावर हे सांगता आलं, कारण सुरुवातीचे पन्नास मोजले होते. काम संपल्यावर आधीची स्थिती कुणी मोजू शकत नाही. वजन कमी करणारी बाई पहिल्या दिवशी काट्यावर उभी राहिलीच नसेल, तर तीन महिन्यांनी ती काय सांगणार? म्हणून नवं काम हातात आलं, की पहिल्याच आठवड्यात दोन-तीन आकडे टिपून ठेवायचे. किती अर्ज परत जातात, किती फोन येतात, एका अर्जाला किती दिवस लागतात. खात्यात हे आकडे बहुधा कुणाकडे तरी असतातच. मागितले की मिळतात.

आणि काही कामं अशी, की त्यांचं फळ म्हणजे काहीच न घडणं. मुलीने सुरुवातीलाच दाखवून दिलं, की ही नवी सोय कुणालाच नको आहे, आणि खात्याने ती बनवलीच नाही. मोठा खर्च वाचला, पण न बांधलेल्या इमारतीचं उद्घाटन होत नाही. अशा वेळी कागद उपयोगी पडतो. काम थांबवायचं ठरलं त्या बैठकीची टिपणं, त्यावर काम किती आठवड्यांचं धरलं होतं तो अंदाज, आणि तिचा दोन पानी अहवाल. हे तिघं मिळून चांगला पुरावा होतो. विश्लेषण करणाऱ्याचं सगळ्यात मोलाचं काम पुष्कळदा हेच असतं, आणि बहुतेक जणी ते उदाहरण म्हणून देतच नाहीत.

पायऱ्यांबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. वर्किंग म्हणजे आपलं ज्ञान, साधनं, पद्धती कामात वापरता येणं. प्रॅक्टिशनर म्हणजे केवळ ते जास्त चांगलं येणं नव्हे. त्या चौकटीत प्रॅक्टिशनरची ओळखच अशी दिली आहे, की आपलं ज्ञान आणि अनुभव तिने इतरांना दिलेला असतो. स्वतःच्या कामाचं कितीही झकास उदाहरण दिलं, तरी त्यातून वर्किंगच सिद्ध होतं. तुझ्यामुळे दुसरं कुणी काय शिकलं, हे दाखवावं लागतं. नवीन आलेल्या मुलाला शेजारी बसवून पहिला नकाशा काढून घेतला, दुसऱ्या टीमसाठी तासाभराचा वर्ग घेतला, स्वतःचा तक्ता सगळ्यांना वापरायला दिला. बायका हे सतत करतात, शिकवतात, सांभाळून घेतात, पण त्याला 'मदत' म्हणतात. त्या मदतीचीही तारखेसकट नोंद हवी.

म्हणून वही लागते. जाड फाइल नको. आठवड्यातून दहा मिनिटं, शुक्रवारी घरी जायच्या आधी: या आठवड्यात मी काय शोधलं, काय ठरवलं, कुणाचं मत बदललं. हिशेबाच्या वहीसारखंच हे, रोजचं रोज लिहिलं तर पाच मिनिटं, वर्षाचं एकदम लिहायला बसलं तर डोकेदुखी. मात्र ही वही ऑफिसच्याच यंत्रणेत ठेवायची. अर्जदारांची नावं, आजार, पत्ते त्यात येता कामा नयेत. सरकारी कागद स्वतःच्या ईमेलवर पाठवणं तर अजिबात नको. भत्ता मिळवायला गेली आणि चौकशी मागे लावून घेतली, असं व्हायला नको.

प्रमाणपत्रांविषयी नेहमी विचारलं जातं. ब्रिटनमध्ये बीसीएस या संस्थेचा बिझनेस ॲनालिसिसचा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा चालतो, त्याच्या शेवटी तोंडी परीक्षा असते. आयआयबीए ही संस्था २००३ मध्ये टोरांटोला सुरू झाली. तिच्या सीबीएपी परीक्षेला बसायलाच मागच्या १० वर्षांत ७,५०० तासांचं काम दाखवावं लागतं. ही प्रमाणपत्रं चांगली, नोकरीसाठी अर्ज करताना उपयोगी. पण ती विषय येतो असं सांगतात. खात्यात काय करून दाखवलं, ते सांगत नाहीत. दोन्हींतलं एकच जमणार असेल, तर आम्ही वहीच्या बाजूने आहोत, ती फुकट आहे.

आता ज्या बाई किंवा जे साहेब अशा मुलींचे वरिष्ठ आहेत, त्यांच्याशी थोडं बोलू. मूल्यमापनाच्या आदल्या आठवड्यात 'चांगलं लिही हं' म्हणणं ही मदत नव्हे. महिन्यातून अर्धा तास तिच्या उदाहरणांसाठी ठेवा. खोटं पॅनेल भरवा. टीमबाहेरचे दोघे बोलवा आणि त्यांना एकच प्रश्न वारंवार विचारू द्या: यात तू काय केलंस? इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, त्यांना बोलून दाखवायची सवय जास्त लागते. लिहिलेलं नीट असतं, पण तोंडाने सांगताना वाक्य आखडतं.

पण सगळ्यात मोठी गोष्ट कामाच्या वाटपाची आहे. चार नवी, अवघड, खात्याच्या नजरेत येणारी कामं आली, तर ती कुणाला जातात? अर्धवेळ काम करणारी, बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली, साडेचारला मुलाला आणायला जाणारी यांच्याकडे बहुधा जुनं चालू काम येतं. ते काम सांभाळायला हुशारी कमी लागत नाही, पण त्यातून प्रॅक्टिशनर पायरीचा पुरावा निघणं कठीण. मग वर्षाच्या शेवटी पॅनेल प्रामाणिकपणे म्हणतं, पुरावा नाही. कुणीही अन्याय केलेला नसतो, आणि तरी तो झालेला असतो. म्हणून वरिष्ठांनी वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येकीसमोर कौशल्यांची यादी ठेवून, कुठला पुरावा कमी आहे ते पाहावं आणि तो मिळेल असं एक तरी काम तिला द्यावं. ते दिलं नाही, तर मुलीने स्वतः मागावं. "मला या कौशल्याचं उदाहरण लागतंय, असं काम कधी येणार आहे?" असं विचारण्यात गैर काही नाही.

भत्ता मिळाला की पेढे वाटण्याआधी तीन प्रश्न विचारून घ्यावेत. तो पेन्शनला धरतात का? तो पुन्हा तपासला जाणार का, आणि कधी? बदली झाली किंवा दुसऱ्या खात्यात गेलं तर तो राहतो का? खात्याखात्यात उत्तरं वेगळी येऊ शकतात, आणि त्या भरवशावर घराचा हप्ता ठरवायचा असेल तर उत्तर लेखी असलेलं बरं. प्रॉस्पेक्टसारख्या कर्मचारी संघटना अशा बाबतीत सल्ला देतात, सभासद असेल तर विचारावं.

मनासारखी पायरी मिळाली नाही, तर निकाल तोंडी ऐकून उठू नये. कुठल्या कौशल्यात कुठली पायरी दिली आणि का, हे लिहून मागावं. त्या कागदावर 'पुरावा अपुरा' असं असेल, तर पुढच्या वेळी दुसरं उदाहरण घेऊन जायचं, आणि ते बहुधा वहीत आधीच असतं. 'अनुभव अपुरा' असं असेल, तर तो कागद घेऊन वरिष्ठांकडे जायचं आणि तसं काम मागायचं.